खुर्ची, वृद्धासह

गावाच्या इतिहास संग्रहालयात दोन खोल्या, एक व्हरांडा, चारशे एकतीस वस्तू आणि दोन माणसं होती. माणसांपैकी एक म्हणजे लेबलबाई. तिचं खरं नाव आईवडिलांनी हौसेने ठेवलं होतं, पण पुढे ते कुणी वापरलं नाही. सव्वीस वर्षं ती वस्तूंना चिठ्ठ्या बांधत होती, नोंदवही लिहीत होती आणि महिन्याला एक वार्तापत्र काढत होती. त्यात वार्ता सोडून बाकी सगळं असे, कारण संग्रहालयात काही घडतच नसे. दुसरा माणूस म्हणजे पहारेकरी. त्याला संग्रहालयाचे नऊ नियम तोंडपाठ होते, आणि जगात दहावी गोष्ट असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

हे नियम भिंतीवर काचेत लावलेले होते. वस्तू गावातली हवी, पंचाहत्तर वर्षांहून जुनी हवी, वगैरे. त्यांतले दोन लक्षात ठेवण्यासारखे. तिसरा नियम असा की, एकदा नोंद झालेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय दाराबाहेर जाणार नाही. आणि सातवा असा की, वापरात असलेली वस्तू घ्यायची नाही. समिती तिघांची. त्यांतला एक मुलाकडे परदेशी राहायला गेलेला, एकाला ऐकू येत नव्हतं, आणि तिसऱ्याचं या दोघांशी पटत नव्हतं. त्यामुळे गेल्या अकरा वर्षांत संग्रहालयातून बाहेर गेलं ते फक्त एक मांजर, आणि तेही पहारेकऱ्याने चिठ्ठी आणेपर्यंत निसटलं म्हणून.

अशा सुखात वरच्या कचेरीचं पत्र आलं. ज्या संग्रहालयात पाचशेपेक्षा कमी वस्तू असतील ती बंद करून जागा वजनमापे खात्याला गोदामासाठी द्यायची ठरली होती. महिन्याभरात तपासनीस येऊन मोजणी करणार होते. लेबलबाईने पत्र दोनदा वाचलं, मग एकाहत्तर, नाही, एकोणसत्तर, असा हिशेब बोटांवर केला आणि घरी गेली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

घरी खिडकीशी वेताच्या खुर्चीत तिचे वडील बसले होते. ते नेहमी तिथेच बसलेले असत. गावात छापखाना होता तेव्हा त्यांनी चाळीस वर्षं तिथे जुळाऱ्याचं काम केलं होतं. एकेक शिशाचा खिळा उचलायचा, ओळीत लावायचा आणि उलट्या अक्षरांचा मजकूर नजरेने वाचायचा. गावातली लग्नं, मरणं, हरवलेल्या म्हशी आणि सापडलेले नवरे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. बायको गेली तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, आणि घरात बापलेक दोघंच उरले. मग लेबलबाईने त्यांना जपायला सुरुवात केली. भाजी चिरायला घेतली की, "बाबा, राहू द्या, बोट कापाल." दुकानात निघाले की, "बाबा, मी आणते, तुम्ही बसा." वार्तापत्राचं मुद्रित तेवढं ते तपासून देत, पण गेल्या वर्षी चुकीच्या शब्दाखाली आपोआप लाल रेघ मारणारं मशीन आलं आणि तेही काम गेलं. एकेक करून सगळी कामं तिने मायेनेच काढून घेतली, आणि शेवटी "तुम्ही नुसते बसा" एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं. ते त्यांनी मन लावून केलं.

त्या संध्याकाळी तिने वार्तापत्रासाठी आवाहन लिहिलं आणि कसं वाटतं ते ऐकायला मोठ्याने वाचलं. "नागरिकहो, आपलं संग्रहालय संकटात आहे. आपल्या घरात काही उपयोग नसलेली, नुसती पडून असलेली, पंचाहत्तर वर्षांहून जुनी एक तरी वस्तू आणून द्या."

"पंचाहत्तर म्हणालीस?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचं वय एक्क्याऐंशी होतं. लेबलबाईच्या डोक्यात तेव्हा फक्त एकोणसत्तर हा आकडा होता.

आवाहन छापून गेलं आणि गाव पेटून उठलं. एरवी या गावात कुणी कुणाला शिडी उसनी देत नसे, पण संग्रहालय बंद होणार म्हटल्यावर प्रत्येकाला आपण किती इतिहासप्रेमी आहोत ते आठवलं. रांगा लागल्या. कोळशाच्या इस्त्र्या आल्या, फुटके कंदील आले, कान तुटलेल्या किटल्या आल्या. शिंप्याकडच्या दोन जावांनी सासूच्या एकाच शिलाई मशीनचे दोन भाग आणले. धाकटीने वरचं यंत्र, थोरलीने खालचा पाय, आणि दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या मागितल्या. एक गृहस्थ नुसती किल्ली घेऊन आले. कुलूप कुठे आहे विचारलं तर म्हणाले, कुलूप कधी नव्हतंच, घराण्यात किल्लीच आहे. दूधवाल्याने शेजाऱ्याच्या आजोबांची तसबीर आणली, कारण त्याचे स्वतःचे आजोबा दिसायला बरे नव्हते.

पहारेकरी दारात उभा राहून वस्तू बघायचा, चिठ्ठी बांधायचा आणि आतल्या टेबलाशी बसलेल्या लेबलबाईला सांगायचा. ती खाली मान घालून लिहायची. संग्रहालयाची लिहिण्याची ठरलेली पद्धत होती. आधी वस्तू, मग तिच्याबरोबर काय आलं ते, मग वय, मग उपयोग. किटली, झाकणासह. आरसा, चौकटीसह. दिवसाला वीस-वीस नोंदी व्हायला लागल्या तसं तिने वर बघणंच सोडून दिलं.

तपासणीला आठ दिवस उरले असताना, टळटळीत दुपारी, पहारेकऱ्याचा आवाज आला, "पाचशे. खुर्ची, वेताची, वृद्धासह."

"वय?"

"दोघांचं एक्क्याऐंशी."

"उपयोग?"

पहारेकऱ्याने शेजारी कुणाला तरी विचारलं. "काही नाही म्हणतात."

लेबलबाईने उपयोगाच्या रकान्यात आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि पाचशे भरले म्हणून टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून बाहेरच्या खोलीत आली. खिडकीखाली तिच्या घरातली खुर्ची होती. खुर्चीत तिचे वडील होते. अंगातल्या कोटाच्या वरच्या बटणाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर पाचशे हा आकडा होता.

"बाबा, इथे काय करताय?"

"बसलोय," ते म्हणाले. "नुसता."

ती पहारेकऱ्यावर उसळली. तो शांतपणे म्हणाला, "मला वाटलं घरात बोलून ठरवलंय तुम्ही. हातगाडीवर खुर्ची आली, मागून हे चालत आले. वस्तू गावातली, पंचाहत्तरच्या वरची, वापरात नाही. नियमात बसतंय. आणि बाई, मी 'वृद्धासह' म्हणालो तेव्हा तुम्ही 'वय' विचारलंत. मला वाटलं, पटलं."

"बाबा, उठा. घरी चला."

"तसं कसं?" वडील म्हणाले. "नोंद झालीय. ठराव आण."

"मी तुम्हाला बघितलं नाही हो."

"ते खरं. मी चार फुटांवर उभा होतो. नोंदवही तुझ्या बाजूने सरळ, माझ्या बाजूने उलटी. आणि उलटं वाचण्यात माझी हयात गेली, बाळ. उपयोगाच्या रकान्यात रेघ मारलीस ती मी बघितली. सुरेख मारलीस, पट्टी न लावता."

लेबलबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं लोकांच्या फुटक्या किटल्या उचलून-उचलून तिने निरखल्या होत्या आणि बापाची नोंद खाली मान घालून केली होती. तिने हात जोडले, रागावली, शेजाऱ्यांना मध्ये घातलं. वडील हलले नाहीत. बाप तसा मुलखाचा हट्टी, फक्त हट्ट करायची संधी अकरा वर्षांत कुणी दिली नव्हती. राहायची सोय पहारेकऱ्याने आपल्या खोलीत केली. ती आवारातच होती, त्यामुळे नियम मोडत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली तर त्याने दारात अडवलं, कारण वस्तूंजवळ खाद्यपदार्थ न्यायला पाचव्या नियमाने बंदी होती. शेवटी डब्याची नोंद 'देखभालीचं साहित्य' म्हणून झाली, तेव्हा वडिलांना जेवण मिळालं.

आणि मग तिने कधी न पाहिलेलं असं काही घडलं. लोक येऊ लागले. आधी आपापली किटली बघायला यायचे, मग खिडकीशी थबकायचे. कुणीतरी सहज विचारलं, "आजोबा, आमच्या आईच्या लग्नाची बातमी तुम्हीच जुळवली होती का?" वडिलांनी डोळे मिटले आणि ती बातमी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत म्हणून दाखवली, वाजंत्र्यांच्या संख्येसह. दुसऱ्या दिवशी रांग व्हरांड्यापर्यंत गेली. कुणाला आजोबांच्या दुकानाची जाहिरात ऐकायची होती, कुणाला घराची जुनी हद्द कुठवर ते विचारायचं होतं. एका बाईने आपल्या लहानपणी वारलेल्या भावाची चार ओळींची बातमी ऐकली आणि पुन्हा सांगा म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितली. मधल्या वेळात ते संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांमधल्या चुका काढत. त्र्याहत्तर निघाल्या.

लेबलबाई आतल्या टेबलाशी बसून ऐकत होती. बाबांचा आवाज इतका मोठा आहे हे ती विसरली होती. ते हसत होते. घरी हे तोंड उघडत ते पाण्याचा तांब्या मागायला. तिला आनंद झाला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि थोडा मत्सरही वाटला. वार्तापत्राचा खास अंक काढावा लागला, कारण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वार्ता होती.

तपासनीस ठरल्या दिवशी सकाळी आले. बारीक अंगाचे, सभ्य, हातात पेन्सिल. प्रत्येक वस्तूला पेन्सिलीचं टोक लावून ते मोजत होते. अर्धं गाव व्हरांड्यात श्वास रोखून उभं होतं. शिलाई मशीनपाशी ते क्षणभर थांबले, दोन्ही जावांकडे बघितलं आणि शहाणपणाने दोन धरले. किल्लीही धरली. दीड तासाने ते खिडकीपाशी आले, वडिलांच्या खांद्याला पेन्सिल लावून "पाचशे" म्हणाले, आणि मग त्यांना खांदा मऊ लागला.

त्यांनी नोंदवही मागवली. खुर्चीपुढच्या स्टुलावर ती ठेवली आणि तिथेच उभ्याने वाचली. "खुर्ची, वृद्धासह," ते म्हणाले. "इथे एक अडचण आहे. हे गृहस्थ वस्तूचा भाग आहेत का?"

"म्हणजे?" लेबलबाईने विचारलं.

"किटलीला झाकण असतं तसे. भाग असतील तर वस्तू पूर्ण आहे, पाचशे भरले. मात्र मग ते वस्तूबरोबर इथेच राहतील, तुमच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे. आणि भाग नसतील, तर ते खुर्चीवर बसलेत, म्हणजे खुर्ची वापरात आहे. सातव्या नियमाने ती बाद. मला दोन्ही चालेल. तुम्ही काय ते लिहून सही करा."

त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. व्हरांड्यातून दूधवाला म्हणाला, "बाई, झाकण लिहा ना. आजोबा खूश आहेत इथे." दोन-चारजणांनी माना हलवल्या.

खरं तर सोपं होतं. एक सही केली की सव्वीस वर्षांचं घर वाचत होतं. बाबाही इथे खुलले होते, घरी नेऊन ती त्यांना पुन्हा खिडकीशीच बसवणार होती. तिने सगळा विचार केला. मग ती खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय का?"

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. तिने त्यांना काही विचारायला किती वर्षं झाली असतील, हे दोघांनाही आठवेना. "इथे लोक विचारतात मला," ते म्हणाले.

"मी विचारलं तर?"

"तू काय विचारणार? तुझ्याकडे मशीन आहे. लाल रेघ मारतं ना ते?"

"मारतं. पण परवा सगळी नोंदवही त्यात उतरवली, तर 'खुर्ची, वृद्धासह'खाली त्याने रेघ मारली नाही. त्याला ती चूकच वाटली नाही, बाबा. मलाही नव्हती वाटली."

लेबलबाई उठली, स्टुलापाशी गेली आणि 'वृद्धासह' हा शब्द पेनाने खोडला. एकदा नाही, चांगला तीनदा. समासात तिने लिहिलं, 'वृद्ध हे वस्तूचा भाग नाहीत, माझे वडील आहेत. घरी लागतात.' खाली सही केली. व्हरांड्यात कुणीतरी कपाळाला हात लावला.

"ठीक आहे," तपासनीस म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यांनी अहवाल स्टुलावर ठेवला आणि लिहायला घेतलं.

"चारशे नव्व्याण्णव लिहिलं," वडील खुर्चीतूनच म्हणाले. ते उलटं वाचत होते. "पुढे लिहिताहेत, संग्रहालय. संग्रहालय काय? ब काढला. म्हणजे बंद. थांबा हो जरा."

तपासनीसांची पेन्सिल थांबली.

वडिलांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला. लेबलबाई सवयीने पुढे धावली, "बाबा, तुम्ही ब..." म्हणाली आणि तिथेच गप्प झाली. त्यांना वेळ लागला. गुडघे वाजले, एकदा ते मागे आले, मग उठले आणि खुर्चीपासून दोन पावलं बाजूला जाऊन उभे राहिले. कोटाच्या बटणाची चिठ्ठी सोडून त्यांनी ती खुर्चीच्या हाताला बांधली. जुळाऱ्याची बोटं, गाठ एका झटक्यात बसली.

"माझ्या जन्माच्या साली वडिलांनी घेतलेली," ते तपासनीसांना म्हणाले. "एक्क्याऐंशी वर्षं. गावातल्याच कारागिराने विणलेली. आता कुणी बसलेलं नाही, आणि बसणारही नाही. मोजा."

तपासनीसांनी पेन्सिल पुढे केली, मग विचार बदलून बैठकीवर तळहात ठेवला. "गरम आहे," ते म्हणाले. "गरम खुर्ची वापरात नाही असं मी कसं लिहू?"

हे पहारेकऱ्याला पटलं. त्याने पटल्यासारखी मानही हलवली. मग अर्ध्या गावाने खुर्ची गार व्हायची वाट पाहिली. खिडक्या उघडल्या. थोरल्या जावेने पदराने वारा घातला, आणि दमल्यावर तो धाकटीने घातला. दोघींनी मिळून काम केल्याची ही पहिलीच नोंद. दूधवाला फुंकर मारायला पुढे झाला, त्याला फुंकर गरम असते म्हणून मागे ओढलं. वडील इतका वेळ उभेच होते. कुणीतरी दुसरी खुर्ची पुढे केली तर ते नको म्हणाले. बारा मिनिटांनी तपासनीसांनी पुन्हा हात लावला, थोडा वेळ ठेवला, आणि अहवालातला आकडा खोडून पाचशे लिहिलं. पुढचा ब सुद्धा त्यांनी खोडला. व्हरांड्यात लोक एकमेकांच्या गळ्यात पडले.

लेबलबाईने नोंदवही पुढे ओढली आणि उपयोगाच्या रकान्यातली रेघ खोडायला पेन टेकवलं. वडिलांनी तिचा हात धरला.

"ती असू दे," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."

दारात पहारेकऱ्याने दोघांना अडवलं, वडिलांची सगळी बटणं तपासली, चिठ्ठी नाही याची खात्री केली आणि मगच जाऊ दिलं. रस्ताभर वडील हळू चालत होते आणि तिने दंड धरला नव्हता.

घरात खिडकीशी जमिनीवर खुर्चीच्या चार पायांच्या फिकट खुणा होत्या. वडील त्या खुणांपाशी उभे राहिले, खोलीभर नजर फिरवली, आणि म्हणाले, "बसायला जागा नाही राहिली."

"दुसरी आणू?"

"कशाला? सुरी कुठे ठेवतेस हल्ली?"

तिने सांगितलं. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. त्या दिवशी भाजी चिरायला पाऊण तास लागला आणि बोट कापलंच. पट्टी त्यांनी स्वतःच बांधली.